पिंपातल्या पावसाचं बिल

भोसरीत माझ्या एका मित्राचा प्लेटिंगचा छोटा कारखाना आहे. गेल्या पावसाळ्यात ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेच्या, गाळाची पिंपं गाडीत चढत होती, तेव्हा मी तिथेच उभा होतो. मागच्या शेडचा निम्मा पत्रा कधीचा उडालेला. बिनझाकणाच्या पिंपांत वर चार बोटं पाणी आणि खाली हिरवट-करडा चिखल. हमालाने पिंप कलतं केलं, तसं पाणी डचमळून त्याच्या बुटांवर आलं. मित्र मात्र ट्रान्सपोर्टरशी टनामागे दोनशे रुपये कमी करण्यावरून हुज्जत घालत होता. माझं लक्ष त्या पाण्याकडे. आभाळातून फुकट पडलेलं पाणी वजनकाट्यावर चढलं की गाळाच्याच भावाने मोजलं जाणार होतं.

घातक कचऱ्याच्या खर्चाबद्दल विचारणारे बहुतेक जण एकच विचारतात, ‘टनाला काय भाव?’ भाव कळायला हवाच, पण बिल त्यावर ठरत नाही. ते ठरतं तुमच्या फाटकाच्या आत: गाळात पाणी किती, कशात काय मिसळलं आणि किती दिवस पडून राहिलं, यावर. हे मार्गदर्शन लघुउद्योजकांसाठी आहे, आणि जुना गाळा किंवा प्लॉट विकत घ्यायला निघालेल्यांसाठीही.

आधी कचऱ्याची जात ओळखा

2016 च्या घातक व इतर कचरा नियमांत प्रत्येक कचऱ्याला क्रमांक आहे. पहिल्या अनुसूचीत वापरलेलं तेल 5.1, रसायनांची रिकामी पिंपं 33.1 आणि सांडपाणी प्रक्रियेचा रासायनिक गाळ 35.3. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात तुमचे क्रमांक, वर्षाचं परिमाण आणि विल्हेवाटीची वाट लिहिलेली असते. कोटेशन मागण्याआधी ते पान काढून वाचा. कागदावर वर्षाला दोन टन आणि शेडमध्ये सहा टन असतील, तर खर्चाची सुरुवात तिथूनच होते.

कचरा घातक आहे की नाही याबद्दलच शंका असेल, तर टीसीएलपी चाचणी करून घ्या. जमिनीत पडलेल्या कचऱ्यातून पाझरणाऱ्या पाण्यात किती विष उतरेल, हे ती सांगते. पाझरात शिसं लिटरला 5 मिलिग्रॅम, कॅडमियम 1 मिलिग्रॅम किंवा पारा 0.2 मिलिग्रॅमपर्यंत पोचला, की कचरा घातक ठरतो. चाचणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच करा. स्वस्तातला अहवाल मंडळाने नाकारला तर तीच चाचणी पुन्हा करावी लागते.

बिलात काय काय असतं

‘टनाचा भाव’ म्हणून जो आकडा सांगतात, तो बिलातली एक ओळ असते. बाकीच्या ओळी अशा:

- सामायिक प्रक्रिया केंद्राचं सभासदत्व किंवा नोंदणी शुल्क.
- पहिल्यांदा कचरा घेताना होणारी सविस्तर तपासणी. त्या अहवालावरून केंद्र तुमच्या कचऱ्याची वाट आणि भाव ठरवतं.
- दर गाडीमागे झटपट पडताळणी. पहिल्या नमुन्याशी माल जुळला नाही, तर गाडी परत येऊ शकते किंवा भाव वाढू शकतो.
- वाहतूक. बहुतेकदा ही खेपेवर असते. अर्धी गाडी पाठवली तरी भाडं पूर्ण.
- बारदान: पिंपं, जाड लायनर पिशव्या, लेबलं.
- जीएसटी.

महाराष्ट्रात अशी सामायिक केंद्रं तळोजा, महापे, रांजणगाव आणि नागपूरजवळच्या बुटीबोरीला आहेत. गोव्याचं पिसुर्ल्याला आहे. सोलापूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या कारखानदाराला वाहतुकीचा आकडा प्रक्रियेच्या आकड्याशी स्पर्धा करताना दिसतो. त्यावर जुना, साधा उपाय आहे: शेजारच्या तीन-चार कारखान्यांनी एकच गाडी भरायची. मात्र प्रत्येकाचं मॅनिफेस्ट (मालासोबत जाणारा वाहतुकीचा कागद) वेगळं, पिंपं वेगळी आणि लेबलं वेगळी. माल एकत्र करायचा नाही, भाडं वाटून घ्यायचं.

चार वाटा, चार भाव

नियमांनी एक क्रम घालून दिला आहे: आधी कचरा टाळा, मग कमी करा, पुन्हा वापरा, त्यातून काही मिळवा, आणि शेवटी उरेल त्याची सुरक्षित विल्हेवाट लावा. खिशाचाही साधारण हाच क्रम असतो.

*पहिली वाट, पुनर्प्रक्रिया.* वापरलेलं तेल, काही सॉल्व्हंट, जस्ताची राख यांना परवानाधारक पुनर्प्रक्रियाकार पैसे देतो. इथे खर्च नाही, उत्पन्न आहे. अट एकच: माल स्वच्छ हवा. तेलात पाणी, थिनर किंवा कटिंग ऑइल मिसळलं की ते उत्पन्न गेलं. रिकामी पिंपं भंगारवाल्याला देण्याचा मोह टाळा. कोडईकनालच्या थर्मामीटर कारखान्याचं प्रकरण 2001 मध्ये फुटलं, ते पारा लागलेली काच गावातल्या भंगाराच्या आवारात सापडल्यामुळे. कारखाना बंद पडला आणि 2003 मध्ये सुमारे 290 टन पारामिश्रित कचरा जहाजाने अमेरिकेला पाठवावा लागला. भंगाराचे किती पैसे आले असतील, ते तुम्हीच ठरवा.

*दुसरी वाट, सिमेंटची भट्टी.* धंद्यात हिला ‘को-प्रोसेसिंग’ म्हणतात. भट्टीतला माल 1,450 अंशांपर्यंत तापतो, ज्योत त्याहूनही प्रखर असते. जळण्याजोग्या कचऱ्याची उष्णता कोळसा वाचवते आणि राख क्लिंकरमध्येच जिरते, त्यामुळे मागे पुरायला काही उरत नाही. आज ज्याला स्वच्छ तंत्रज्ञान म्हणतात, त्यातली ही सर्वांत रुळलेली वाट. रंगाचा गाळ, तेलकट चिंध्या, डिस्टिलेशनचा अवशेष यांना ती चालते. क्लोरीन किंवा पारा जास्त असलेला माल भट्टीवाले घेत नाहीत. महाराष्ट्रातल्या मोठ्या भट्ट्या चंद्रपूर जिल्ह्यात आहेत. पुणे-ठाण्याचा कचरा तिथवर नेण्याचं भाडं जमेस धरूनच तुलना करा.

*तिसरी वाट, स्थिरीकरण आणि सुरक्षित भूभराव.* धातूंचा गाळ जाळून उपयोग नाही, कारण क्रोमियम किंवा निकेल जळत नाही. त्यात सिमेंट, चुना, फ्लाय ॲश मिसळून विष बांधून टाकतात आणि मग प्लास्टिकच्या जाड अस्तरांच्या खड्ड्यात ठेवतात. थेट भूभरावाचा भाव टनाला काही हजार रुपयांत असतो. स्थिरीकरण लागलं तर तो वाढतो. कारण सरळ आहे: मिसळलेलं सिमेंटही वजनात येतं आणि जागाही खातं.

*चौथी वाट, इन्सिनरेशन.* सर्वांत महाग. दुसऱ्या कक्षात 1,100 अंशांच्या आसपास तापमान आणि वायूंना किमान दोन सेकंद मुक्काम द्यावा लागतो. त्यावर धूर धुण्याची यंत्रणा, इंधन आणि उरलेली राख पुरण्याचा खर्च. भूभरावाच्या मानाने हा भाव कित्येक पट जातो.

म्हणून मिसळण्याची चूक सर्वांत महागात पडते. सॉल्व्हंटचं एक पिंप धातूच्या गाळाच्या नऊ पिंपांत ओतलं, तर दहाही पिंपं चौथ्या वाटेने जाऊ शकतात. सायनाइडच्या गाळात आम्ल गेलं तर पैशाचा प्रश्नच उरत नाही. हायड्रोजन सायनाइड हा वायू माणूस मारतो.

पाण्याचं गणित

समजा, तीन महिन्यांत तुमच्याकडे 10 टन ओला गाळ साचतो आणि त्यात 80 टक्के पाणी आहे. खरा ऐवज 2 टन. गणितापुरता वाहतुकीसह टनाला 5,000 रुपये भाव धरू. तुमच्या करारातला भाव त्या जागी घाला, प्रमाण तेच राहील.

- 80 टक्के पाणी: 10 टन, बिल 50,000 रुपये.
- फिल्टर प्रेसमधून 65 टक्क्यांवर आणलं: सुमारे 5.7 टन, बिल सुमारे 28,600.
- पत्र्याखाली वाळवून 40 टक्क्यांवर आणलं: सुमारे 3.3 टन, बिल सुमारे 16,700.

भावात एक रुपयाही न घटवता वर्षाला 1 लाख 33 हजारांच्या आसपास वाचले. फिल्टर प्रेस, तिची कापडं किंवा वाळवणाच्या शेडचा खर्च किती वर्षांत निघेल, हे या आकड्याने भागून पाहा. तिमाहीला एक टन गाळ असेल तर प्रेस घेऊ नका, वाळवणाचा वाफा पुरेल. पण त्यावर छप्पर हवं. दहा चौरस मीटरच्या उघड्या वाफ्यावर 100 मिलिमीटर पाऊस पडला की एक टन पाणी पडलं. पुण्यात जुलैच्या एका चांगल्या झडीत एवढं होतं.

एक सावधगिरी. सॉल्व्हंटचा वास असलेला गाळ उघड्यावर वाळवायचा नाही. ते वजन कमी करणं नव्हे, हवेत सोडणं आहे.

नव्वद दिवसांचं घड्याळ

घातक कचरा आवारात 90 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. वर्षाला 10 टनांपर्यंत कचरा करणाऱ्या छोट्यांना मंडळ ही मुदत वाढवून देऊ शकतं. त्यासाठी अर्ज करा, म्हणजे अर्ध्या गाड्यांऐवजी भरलेल्या गाड्या जातील. वार्षिक विवरणपत्राची तारीख 30 जून. ती चुकवू नका.

मॅनिफेस्टच्या सात प्रती असतात, रंगानुसार. तुमच्या कामाच्या दोन. पिवळी प्रत ट्रान्सपोर्टरच्या सहीसह तुमच्याजवळ राहते. निळी प्रत माल पोचल्यावर केंद्राकडून परत येते. निळी आली नाही, तर कचरा कुठे गेला हे तुम्हाला माहीत नाही. आणि तो कुठल्या ओढ्यात सापडला, तर नुकसानभरपाईच्या जबाबदारीतून तुम्ही सुटत नाही. कचरा करणारा, वाहून नेणारा आणि प्रक्रिया करणारा, तिघांनाही नियमांनी धरलं आहे. पर्यावरण संरक्षण कायद्याखालचा दंड आता 10,000 रुपयांपासून 15 लाखांपर्यंत जातो. निम्म्या भावात, बिनकागदाचा, रात्री टँकर पाठवणाऱ्याचा भाव या आकड्याशी ताडून बघा.

माती ब्रासमध्ये मोजा

कचरा पिंपात आहे तोवर खर्च आवाक्यात असतो. तो मातीत उतरला की हिशेब बदलतो. वाळू-मुरूम विकत घेणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येकाला ब्रास कळतो: दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल. एक ब्रास माती म्हणजे साधारण पाच टन.

आता 200 लिटरचं एक पिंप गळालं आणि दहा बाय दहाच्या कच्च्या जमिनीत फूटभर मुरलं असं धरा. जे 200 किलोच्या आसपास होतं, ते पाच टन झालं. वरच्याच, टनाला 5,000 च्या भावाने 25,000 रुपये. तीन फूट मुरलं तर 75,000. पिंपाखाली गळती धरणारा ट्रे आणि सिमेंटचा ओटा या खर्चापुढे काहीच नाही. घातक कचऱ्यातली सर्वांत स्वस्त यंत्रणा तीच.

गळती जुनी असेल तर आधी खोदू नका, आधी मोजा. जागेवर चौकटी आखून वेगवेगळ्या खोलीचे नमुने घ्यायचे, गरज पडली तर निरीक्षण विंधनविहीर घ्यायची. नमुन्यांचा खर्च जीवावर येतो, पण वीस ब्रास सरसकट उपसायची की विषारी तीनच ब्रास काढायची, हे त्यावरच ठरतं. उपसलेली स्वच्छ माती आणि विषारी माती एकाच ढिगात टाकली, तर सगळा ढीग विषारी धरला जातो.

दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमधून वाट काढतं, सरळ रेषेत जात नाही. त्यामुळे शेजारची विहीर स्वच्छ आणि त्यापलीकडची दूषित, असं घडू शकतं. एका नमुन्यावर ‘सगळं ठीक आहे’ म्हणणाऱ्या सल्लागाराला काम देऊ नका.

मातीसाठीची तंत्रं: कुणाला काय परवडतं

*उपसा आणि भूभराव.* झटपट. जागा लवकर मोकळी होते. थोड्या ब्रासांसाठी हेच बरं. माती जास्त असेल तर वाहतूकच बुडवते.

*जागेवरच रासायनिक उपचार.* षट्संयुजी क्रोमियम पाण्यात विरघळून दूर पसरतं आणि जास्त घातक असतं. फेरस सल्फेटसारख्या द्रव्याने ते त्रिसंयुजी होतं आणि मातीला धरून बसतं. रसायन स्वस्त, पण मात्रा ठरवणारी प्रयोगशाळेतली चाचणी आणि नंतरची देखरेख यांचा खर्च धरूनच हिशेब करा.

*जिवाणूंचा उपचार.* तेलकट मातीसाठी उत्तम. टेरी संस्थेने विकसित केलेलं ‘ऑइलझॅपर’ हे जिवाणूंचं मिश्रण देशातल्या तेल क्षेत्रात वापरलं गेलं आहे. भाव कमी, पण महिने लागतात आणि माती पसरायला जागा लागते. धातूंवर जिवाणू चालवणाऱ्याचं कोटेशन बाजूला ठेवा. जिवाणू तेल खातात, शिसं खात नाहीत.

*मातीची धुलाई.* विष बहुधा बारीक कणांना चिकटतं. वाळू-खडे धुऊन वेगळे काढले की उरलेल्या थोड्या रेंद्याचीच विल्हेवाट लावायची. कोडईकनालच्या जागेसाठी धुलाई आणि धुतलेल्या बारीक मातीतला पारा निर्वात भट्टीत उडवण्याची पद्धत निवडली गेली. तिथली मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम पारा. आपल्या काळ्या मातीत मात्र चिकणकणच जास्त. धुऊन वेगळं काढायला खडे फारसे नसतात, आणि पैसे पाण्यात जातात. मुरमाच्या भरावावर ही पद्धत चालू शकते.

*उष्णतेने विष उडवणं.* सॉल्व्हंट, पारा, कीटकनाशकं यांवर परिणामकारक, पण इंधनखाऊ. पावसाळ्यानंतरची ओली माती तापवणं म्हणजे आधी पाणी उकळणं. इथेही पिंपातलाच पाऊस.

‘स्वच्छ तंत्रज्ञान’ ही पाटी कुठल्याही यंत्रावर लावता येते. विक्रेत्याला एकच विचारा: विष शेवटी जातं कुठे? ते मोडतं, बांधलं जातं, की फक्त मातीतून हवेत किंवा पाण्यात हलतं? या प्रश्नाला जो नेमकं उत्तर देतो, त्याचंच पुढचं कोटेशन वाचा.

न केल्याचा खर्च

भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारात बांधून ठेवलेला 337 टन कचरा जानेवारी 2025 मध्ये बारा कंटेनरांतून पीथमपूरला नेला आणि जूनअखेर जाळून संपवला. त्यासाठी 126 कोटी रुपये मंजूर झाले होते. टनाला सुमारे 37 लाख पडतात. चुना मिसळल्यामुळे उरलेली राख मूळ कचऱ्यापेक्षा जास्त भरली. आणि हा झाला फक्त पिशव्यांत भरलेला कचरा. तिथल्या दूषित मातीचा नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेचा अंदाज सुमारे 11 लाख टन होता. पिंप आणि ब्रास यांच्यातला फरक याहून स्पष्ट कुठे दिसत नाही.

दुसरं उदाहरण राजस्थानातल्या बिछडीचं. रंगउद्योगाला लागणाऱ्या एच-ॲसिडच्या गाळाने गावच्या विहिरींचं पाणी तांबूस झालं. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ‘प्रदूषण करील तो भरील’ असा निकाल दिला. सफाईचा खर्च नीरीनेच काढला होता: 37.385 कोटी. कारखानदारांनी कज्जे लांबवले. 2011 मध्ये न्यायालयाने त्या रकमेवर 1997 पासून 12 टक्के चक्रवाढ व्याज लावलं. त्या दराने मुद्दल सहा वर्षांत जवळपास दुप्पट होतं.

जुलै 2025 पासून दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियमही आले आहेत. जागा ओळखायची, तपासायची, जबाबदार व्यक्ती ठरवायची आणि सफाईचा खर्च तिच्याकडून घ्यायचा, ही त्यांची चौकट. म्हणून जुना प्लॉट किंवा गाळा घेताना वकिलाच्या शोध अहवालासोबत मातीचा अहवालही घ्या. आधी तिथे काय बनत होतं ते शेजाऱ्यांना विचारा. प्लेटिंग, रंग, कीटकनाशक किंवा बॅटरी असं उत्तर आलं, तर नमुने घेतल्याशिवाय विसार देऊ नका. व्यवहारात जुन्या प्रदूषणाची जबाबदारी विक्रेत्यावर राहील, असं कलम लिहून घ्या.

कोटेशन घेताना विचारायच्या गोष्टी

1. भाव ओल्या वजनावर की कोरड्या? पाण्याची मर्यादा किती?
2. वजन कुठल्या काट्यावर, आणि तुमचा माणूस तिथे उभा राहू शकतो का?
3. नमुना जुळला नाही तर परतीचं भाडं कुणाचं?
4. वाहतूकदाराचा परवाना कुणाच्या नावावर, कधीपर्यंत?
5. निळी प्रत किती दिवसांत मिळेल? नाही मिळाली तर पैसे रोखता येतील का?
6. मातीच्या कामात ‘साफ झालं’ हे कोण ठरवणार? कंत्राटदाराची प्रयोगशाळा की तिसरी?
7. काम संपल्यावर भूजलाची देखरेख किती वर्षं, आणि ती बिलात आहे का?

तीन कोटेशनं घ्या, पण तिन्ही एकाच नमुन्यावर. वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या पिंपातला माल दिलात, तर तीन भावांची तुलना होतच नाही.

मित्राने या उन्हाळ्यात पहिला खर्च केला तो शेडच्या पत्र्यांवर, दुसरा पिंपांच्या झाकणांवर. ट्रान्सपोर्टर तोच, भावही तोच. दोनशे रुपये काही कमी झाले नाहीत. गाडी काट्यावर चढली तेव्हा त्याने पावती हातात घेतली, आकडा पाहिला, आणि पहिल्यांदाच भावाबद्दल काही बोलला नाही.